परतवारीचे गाव

पंढरीला जाणाऱ्या वारीचे वर्णन वाचले नाही, असा मराठी माणूस सापडणे कठीण. आळंदीहून पालखी निघाली, की ती चंद्रभागेच्या वाळवंटात पोहोचेपर्यंत तिच्या प्रत्येक मुक्कामाची बातमी आपण सकाळच्या चहाबरोबर वाचतो. दिवे घाटाची चढण आणि वाखरीचे रिंगण घरबसल्या आपल्याला पाठ झालेले असते. पण आषाढी एकादशी झाली, की बातम्या थांबतात. एवढी लाखो माणसे गेली, ती परत कोणत्या वाटेने आली, आल्यावर त्यांनी काय केले, याची चौकशी आपण शहरातली माणसे करीत नाही. जाणाऱ्याला निरोप द्यायला गर्दी, येणाऱ्याला उतरवून घ्यायला घरातले एखादेच माणूस, असा हा जगाचा रिवाज आहे.

मराठवाड्यात मात्र या परतीलाही नाव आहे, दिवस आहे आणि गावही आहे. नाव परतवारी, दिवस आषाढ वद्य एकादशीचा, आणि गाव हिंगोली जिल्ह्यातले नरसी नामदेव. पंढरीला जाऊन आलेला वारकरी पंधरा दिवसांनी कयाधू नदीच्या काठच्या या गावी येतो, नामदेवांच्या जन्मस्थानी डोके टेकतो, आणि मगच त्याची वारी पुरी होते.

यंदा या परतवारीला जाण्याचा योग आला तो आमच्या ताईमुळे. तिच्या धाकट्या मुलाला जर्मनीत नोकरी लागली. ऑगस्टात निघायचे ठरले. कपड्यांची, मसाल्यांची आणि लोणच्याच्या बरण्यांची तयारी झाल्यावर ताईने आपली खरी इच्छा सांगितली. तिच्या सासरचे मूळ हिंगोलीकडचे. “जाण्याआधी एकदा नरसीला डोके टेकवून ये,” ती म्हणाली. मुलाने आढेवेढे घेतले, तेव्हा सोबतीला मामा पाठवायचे ठरले. मामाला कुणी विचारले नाही. मामाला विचारायचे नसते.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि सकाळी पूर्णेला उतरलो. इथून एक फाटा अकोल्याकडे जातो. वसमत मागे टाकले की हळदीचा मुलूख लागतो. आषाढात हळदीचे पीक अगदी कोवळे असते. काळ्या रानात हिरव्या पानांच्या ओळी तेवढ्या दिसत होत्या. पुढे उन्हाळ्यात हीच हळद शिजून, वाळून बाजारात आली, की वसमतचे आणि हिंगोलीचे मोंढे पिवळे होऊन जातात. सोयाबीनही नुकते वर आले होते. पाऊस रात्री पडून गेला होता आणि खिडकीतून मातीचा वास येत होता. भाच्याचे लक्ष या कशाकडेही नव्हते. तो मोबाइलवर फुटबॉलचा सामना पाहत होता.

हिंगोलीहून नरसीला जायला एस.टी. आहेत, परतवारीला जादा गाड्याही सोडतात. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता. पण त्या दिवशी सगळ्या वाटेवर माणसेच माणसे. खांद्यावर पताका, डोक्यावर तुळस, चिखलाने भरलेले पाय. गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती आणि कुणाला त्याची तक्रार नव्हती.

गावाच्या नावापासूनच मौज आहे. पुस्तकात ‘नरसी’ असते, पाट्यांवर ‘नर्सी’ दिसते, जुने लोक ‘नरसी बामणी’ म्हणतात. नदीचे नाव कयाधू. कयाधू ही प्रल्हादाची आई. तेव्हा या काठी ‘नरसी’ नावाचे गाव असावे, यात कुणालाही नरसिंहाची आठवण व्हावी. नदीला आईचे नाव आणि काठच्या गावाला तिच्या लेकराला राखणाऱ्या देवाचे, अशी मी माझ्यापुरती संगती लावून टाकली. यात्रेकरूला एवढी मुभा असते.

नामदेव जन्मले ते शके ११९२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७० साली, कार्तिक शुद्ध एकादशीला. वडील दामाशेटी, आई गोणाई, धंदा शिंप्याचा. नरसीकर म्हणतात, जन्म इथलाच. पंढरपूरकर म्हणतात, आमच्याकडचा. कऱ्हाडकडच्या कृष्णाकाठीही त्यांचे गाव सांगणारे विद्वान आहेत. मृत्यूचीही तीच गोष्ट. आपण मराठी माणसे म्हणतो, १३५० साली पंढरीला महाद्वारात त्यांनी देह ठेवला. नामदेवांची पायरी ओलांडताना आजही वारकऱ्याचे पाऊल तिच्यावर पडत नाही. पंजाबातले लोक म्हणतात, बाबा नामदेव आमच्या गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला गेले. ज्याच्या जन्मावर तीन गावे आणि मरणावर दोन प्रांत हक्क सांगतात, तो माणूस किती चालला असेल, याचा हिशेब करून पाहावा.

देऊळ गर्दीने फुललेले होते. रांगेत पागोटी होती, नऊवारी होती, शाळेचा गणवेश घातलेली मुले होती, आणि मधूनच निळ्या-केशरी पगड्या होत्या. नांदेडला हजूर साहिबच्या दर्शनाला येणारे पंजाबी यात्रेकरू नरसीलाही येतात. त्यांचा गुरुद्वाराही इथे आहे. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. आपल्याला ते ‘नामा’, त्यांना ते ‘भगत नामदेवजी’. एका गावच्या रांगेत दोन्ही नावे एकापाठोपाठ ऐकू येत होती.

आमची रांग मात्र एका वेगळ्याच कारणाने गाजली. भाच्याने अंगात झगझगीत पिवळा सदरा घातला होता. छातीवर हत्ती, पाठीवर काही रोमन अक्षरे. आमच्या पुढच्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याने तो निरखून पाहिला आणि आदराने विचारले, “जेजुरीला जाऊन आलात काय, मालक?” त्याला तो खंडोबाचा भंडारा वाटला! भाचा हसला. म्हणाला, “नाही बाबा, हा केरळच्या फुटबॉल संघाचा सदरा आहे.” म्हाताऱ्याने मान हलवली. हत्ती आहे म्हणजे देवाचेच काहीतरी असणार, असा त्याचा ग्रह झालेला दिसला.

पाठीवर नाव कुणाचे, हे मी विचारले. रांग तास-दीड तासाची होती. काहीतरी बोलणे भागच होते.

“शिपोविच,” तो म्हणाला. “एनेस शिपोविच. बोस्नियाचा. बॅक होता.”

“फार गोल केले असतील?”

“मामा, बॅक गोल करीत नाही. होऊ देत नाही.”

माझे फुटबॉलचे ज्ञान एवढ्यावरून वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पण त्या रांगेत त्या साडेसहा फुटी माणसाची जी हकिकत मी ऐकली, ती मला देवळाच्या पायरीपर्यंत पुरली, आणि त्यानंतरही सुटली नाही.

हा शिपोविच १९९० साली सारायेव्होला जन्मला. तेव्हा तो देश युगोस्लाव्हिया होता. मूल दोन वर्षांचे व्हायच्या आत तो देश फुटला, बोस्निया वेगळा झाला, आणि १९९२ च्या एप्रिलात सारायेव्होला वेढा पडला. तो उठला १९९६ च्या फेब्रुवारीत. जवळजवळ चार वर्षे भोवतालच्या डोंगरांवरून शहरावर तोफा चालत होत्या. १९८४ साली ज्या शहरात हिवाळी ऑलिंपिक भरले होते, तिथे लोकांना पाण्यासाठी रांग लावतानाही जीव मुठीत धरावा लागे. अशा देशातल्या पोराने फुटबॉल खेळायचे ठरवले, तर त्याला पोटासाठी बाहेर पडणे ओघानेच आले. शिपोविच रुमानियात गलात्सच्या संघाकडून खेळला, बेल्जियममध्ये खेळला, मोरोक्कोत खेळला, अरबस्तानात आणि कतारमध्ये खेळला. आणि २०२० साली, वयाच्या तिशीत, तो हिंदुस्थानात आला, चेन्नईच्या संघात.

इथपर्यंतची गोष्ट हजारो खेळाडूंची आहे. मौज पुढेच आहे.

ते वर्ष करोनाचे. इंडियन सुपर लीगचे सामने देशभर खेळवणे शक्य नव्हते. म्हणून सगळे संघ गोव्यात आणून ठेवले. मडगावचे फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान, या तीन मैदानांवर साऱ्या हिंदुस्थानचे सामने झाले. खेळाडूंनी हॉटेलातून मैदानावर जायचे आणि मैदानावरून हॉटेलात यायचे. बाहेरच्या माणसाशी संबंध नाही. प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या. कागदावर मात्र प्रत्येक संघाचे अर्धे सामने ‘घरचे’ आणि अर्धे ‘परगावचे’ असे लिहिलेले होते! म्हणजे चेन्नईचा संघ आपला घरचा सामना खेळणार गोव्यात, परगावचा सामना खेळणार तोही गोव्यात. आणि दोन्हीकडे पाहायला कुणी नाही. अकरा संघांत त्यांचा नंबर आठवा लागला. पुढच्या हंगामात शिपोविच केरळच्या संघात गेला. पण करोना गेलेला नव्हता. तोही हंगाम गोव्यातच झाला. तेव्हा हा गडी चेन्नईकडून एक हंगाम आणि केरळकडून एक हंगाम खेळला, तरी लीगचा एकही सामना ना चेन्नईच्या मैदानावर खेळला, ना कोचीच्या. कोचीच्या मैदानात पिवळे सदरे घालून हजारो लोक गर्जना करतात म्हणे. ज्यांच्यासाठी तो मार खात होता, ते लोक दूर आपापल्या घरी पडद्यासमोर बसले होते.

“आणि तुला हाच सापडला? गोल करणारे कुणी नव्हते?” मी विचारले.

भाचा जरा थांबला. मग म्हणाला, “त्या वर्षी मीही खोलीतच बसलेलो होतो ना, मामा. कॉलेज बंद. मित्र पडद्यावर. तेव्हा हा मागे उभा असलेला उंच माणूस दिसायचा. कुणी टाळ्या वाजवायला नाही, तरी हात वर करून इतरांना जागा सांगत असायचा. सगळ्यांचे लक्ष चेंडूकडे, याचे चेंडूच्या मागच्या माणसाकडे.”

बॅकचे काम कसे असते, ते मग त्याने मला समजावून सांगितले. पुढच्याने दहा वेळा नेम चुकवला आणि अकराव्या वेळी साधला, तर लोक त्याला खांद्यावर घेतात. मागच्याने दहा वेळा अडवले आणि अकराव्या वेळी पाय घसरला, तर लोकांना तो घसरलेला पायच आठवतो. त्याचे चांगले काम म्हणजे न घडलेली गोष्ट. तिची नोंद कुठल्या फलकावर करायची? मला ऐकता ऐकता ताईची आठवण झाली. घरात जे बिघडले नाही, ते कुणी बिघडू दिले नाही, हे आपण तरी कधी मोजतो?

केरळच्या त्या संघाची आणखी एक गंमत ऐकण्यासारखी आहे. प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच, तो सर्बियाचा. शिपोविचच्या जोडीचा दुसरा परदेशी बॅक मार्को लेस्कोविच, तो क्रोएशियाचा. आणि शिपोविच स्वतः बोस्नियाचा. तीस वर्षांपूर्वी या तिघांचे देश एकमेकांच्या रक्ताला तहानलेले होते. आणि इथे, आपल्या गोव्यात, एकाने सांगायचे आणि दोघांनी ऐकायचे, एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने त्याची मागची बाजू सांभाळायची, असे चालले होते. हंगामाच्या सुरुवातीला त्यांचा कप्तान होता जेसेल कार्नेरो, गोव्याचाच, तोही बॅकच. २०२२ च्या जानेवारीत संघात करोना शिरला, दोन सामने पुढे ढकलावे लागले, खेळाडू खोल्यांत अडकून पडले. तरी संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्यावर हैदराबादशी गाठ पडली. त्या दिवशी मात्र प्रेक्षकांना दारे उघडली आणि केरळातून पिवळा लोंढा गोव्यात उतरला. एक-एक अशी बरोबरी झाली, आणि पेनल्टीत हैदराबादने तीन-एक असा विजय मिळवला. उन्हाळ्यात शिपोविचने संघ सोडला.

हैदराबादचे नाव निघाले तेव्हा मलाही बोलायला वाव मिळाला. कारण आम्ही उभे होतो तो मुलूख पूर्वी हैदराबादचाच. हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी राजवट गेली, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. नेमक्या पुढच्याच महिन्यात मेलबर्नच्या ऑलिंपिकात भारताचा फुटबॉल संघ उपांत्य फेरीत पोहोचला होता. त्याचे गुरू होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर. ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल केले. आणि उपांत्य सामना कुणाशी? युगोस्लाव्हियाशी! चार वर्षांपूर्वी हेलसिंकीला याच संघाने आपला दहा-एक असा फडशा पाडला होता. तेव्हा आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले होते. मेलबर्नला पहिला गोल नेव्हिलने मारला. नंतर युगोस्लाव्हियाने चार केले, ही गोष्ट निराळी.

“म्हणजे मामा, तुम्हाला येते की फुटबॉल!” भाचा म्हणाला.

“फुटबॉल येत नाही. इतिहास येतो,” मी म्हणालो. रांग दहा पावले पुढे सरकली.

मग त्याने, बऱ्याच वेळापासून मनात असलेला, प्रश्न विचारला. “मामा, एक सांगा. नामदेव इथे राहिले कधी? सगळे आयुष्य पंढरपुरात. मग तीर्थयात्रा. मग पंजाब. इथे फक्त जन्मले, आणि तेही वादातच. मग एवढी माणसे इथे का येतात? माझ्या आईलाच पाहा. तिने स्वतः हे गाव दोनदा पाहिले असेल.”

प्रश्न खोटा नव्हता. नामदेवांचे काम पाहायचे तर पंढरीला जावे. ज्ञानेश्वरांबरोबर ते तीर्थयात्रेला निघाले. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. त्यानंतर कधीतरी नामदेवांनी उत्तरेची वाट धरली आणि पंजाबात वर्षानुवर्षे राहिले. तिथली भाषा त्यांनी आपली केली. तिथल्या लोकांनी त्यांना आपले केले. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन थेट घुमानला भरले, तेव्हा आपल्या लेखक-कवींना तिथे पाहुणचार मिळाला तो नामदेवांच्या गावची माणसे म्हणून. साडेसहाशे वर्षांनंतरही त्यांची ओळख तिथे अशी चालते. म्हणजे परक्या मुलखात त्यांनी पाय किती घट्ट रोवले होते ते पाहा. आणि तरी, मराठी माणसाची श्रद्धा अशी, की ते अखेर परत आले आणि विठोबाच्या दारातली पायरी झाले.

मी भाच्याला इतकेच म्हणालो, “ज्या गावाने जाऊ दिले, त्या गावाला लोक भेटायला येतात. तुझा तो शिपोविच सहा-सात देशांत खेळला. प्रत्येक संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे काय लिहिलेले असते?”

“बोस्निया.”

“चेन्नई नाही, केरळ नाही?”

तो काही बोलला नाही. नदीकडून टाळांचा आवाज येत होता. नवी दिंडी आली होती.

नरसीहून थोड्या अंतरावर औंढा नागनाथ आहे. तिथे नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले, असे सांगतात. कीर्तन करायला नामदेवांना देवळासमोरून उठवले, ते मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरले, ही कथाही तिथलीच. वेळ नव्हता म्हणून आम्ही औंढ्याला गेलो नाही. पण रांगेत ती कथा दोघा-तिघांच्या तोंडून ऐकली. दूर जाऊन बसलेल्या माणसाकडे देऊळ तोंड वळवते, ही कल्पना या भागातल्या माणसांना फार गोड वाटते. त्यात नवल नाही. हा मुलूख कोरडवाहू शेतीचा. पाऊस चुकला, की माणूस कामासाठी पुण्या-मुंबईकडे, नाहीतर उसाच्या फडावर निघतो. प्रत्येक घरातले कुणीतरी बाहेर असते. यात्रेत पोरांना कडेवर घेऊन आलेले कितीतरी तरुण आदल्या रात्रीच पुण्याहून उतरलेले होते. बाहेर पडणे हा इथे पराक्रम नाही, नित्याचा व्यवहार आहे. म्हणूनच कदाचित परतीच्या वारीला इथे गाव मिळाले.

दर्शन झाले. भाच्याने आईने सांगितल्याप्रमाणे डोके टेकवले, आणि मला वाटले होते त्यापेक्षा जरा जास्तच वेळ टेकवले. बाहेर येऊन आम्ही एका झाडाखाली बसलो. शेजारी एक म्हातारी वारकरीण साबुदाण्याची खिचडी खात होती. पायांना चिंध्या बांधलेल्या. तिने द्रोण पुढे केला आणि पिवळ्या सदऱ्याकडे पाहत विचारले, “कोणत्या गावचा रे, लेकरा?”

भाचा घुटमळला. जन्म पुण्याचा, राहणे बाणेरला, नोकरी आता जर्मनीची. मग म्हणाला, “इथलाच, आजी. हिंगोलीकडचा. आता नोकरीला जर्मनीला चाललोय.”

“लई लांब हाय का?”

“विमानाने आठ-नऊ तास.”

म्हातारीने घास थांबवला. “आठ-नऊ तास? मग जवळच हाय की! आमाला पंढरीहून पायी यायला बारा दिस लागले.”

हे लिहीत असताना तो तिकडे पोहोचून दोन महिने होऊन गेले आहेत. एका शनिवारी ताईने त्याला फोनवर दिवाळीच्या फराळाची चौकशी केली, आणि त्याने उलट तिलाच विचारले, की पुढच्या वर्षी आषाढ वद्य एकादशी कोणत्या तारखेला येते. ताईने पंचांग काढले. रजेचा अर्ज तिकडे फार आधी द्यावा लागतो म्हणे.